पहिल्या व्हॉल्व्हजवळची खरखर

प्रफुल डोंगरवार सोमवारी सकाळी घरी आला तेव्हा त्याच्या पाठीला गिटार होती आणि दोन्ही हातांत अ‍ॅम्प्लिफायर. नूतनने नवऱ्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या डब्याकडे बघितलं. नाटकाच्या हंगामात डबा कधी घरी येत नसे. दिवाळीनंतर तो कंपनीच्या ट्रकात चढे आणि होळीच्या सुमारास उतरे. मधल्या दिवसांत प्रफुल कधीमधी येऊन झोपून जाई. डबा मात्र तिकडेच, पडदे आणि सतरंज्यांच्या ढिगात.

"याले कायले आणला?" तिने विचारलं.

"रात्री पुन्हा आवाज बसला." त्याने डबा ओसरीवर टेकवला आणि स्वतःही तिथेच भिंतीला टेकून बसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

प्रफुल शेहेचाळीस वर्षांचा होता. वयाची विशी ओलांडली तेव्हापासून तो झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवत होता. हंगामात रोज नवं गाव, धानाच्या कापलेल्या बांधीत उभारलेला मंडप, रात्रभर नाटक आणि दिवसा कुठल्या तरी शाळेच्या वऱ्हांड्यात झोप. नागपूरच्या एका हॉटेलातला बँड बंद पडला तेव्हा तिथल्या गिटारवाल्याकडून त्याने हा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. तो आजकालच्यासारखा नव्हता. जुन्या रेडिओत असत तसे त्यात काचेचे व्हॉल्व्ह होते. सुरू केल्यावर थोडा वेळ काहीच होत नसे. मग काचांत तांबूस उजेड दिसे आणि मागोमाग आवाज येई, भरदार, कडेला जरासा फाटलेला. दुधराम मास्तर त्या आवाजावर जीव टाकत. संगीत पार्टी त्यांची होती, ऑर्गन तेच वाजवत, आणि प्रफुलला नाटकात आणलंही त्यांनीच.

या हंगामात डब्याला खरखर लागली. आधी कढईत मोहरी तडतडावी तशी, थांबून थांबून. मग आवाजच खाली जाऊ लागला. सुरुवातीला नीट चाले, आणि चांगला तापला की अचानक निम्म्यावर येई, कोणी वरून गोधडी टाकल्यासारखा. तार जोरात छेडली की कधी परत येई, कधी नाही.

रविवारी बोदलकशाकडच्या एका गावात नाटक होतं. तिसऱ्या अंकात आई मरते, आणि तिच्या मागे एकटी गिटार वाजते. नेमकी तिथेच खरखर झाली. पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "अबे, मुरमुरे फोडून राहिले का?" आणि अख्खा मंडप हसला. मेलेली आईही हसली, असं ढोलकीवाल्याने नंतर सांगितलं. मास्तर एवढंच म्हणाले, "मंगळवारपर्यंत खेळ नाई. घरी ने, दुरुस्त करून आण. नाई झाला तं गिटारचा आवाज मी ऑर्गनवरच काढतो."

नूतनने हे सगळं उभ्याउभ्या ऐकलं. तिला कामावर जायला उशीर होत होता. आत खाटेवर सासूबाई, सुलोचनाबाई, हाक मारत होत्या. पावसाळ्यात न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं नूतनकडे होतं. ते उरकून ती राईस मिलच्या ऑफिसात जाई, दिवसभर गाड्यांच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवी आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा तेच करी. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती. घरात दुसरं माणूस नव्हतं.

मिलचे मॅनेजर मनोहरलालजी मागच्या आठवड्यात तिला म्हणाले होते, "नूतनबाई, गोदामावर भरोसेका आदमी पाहिजे. तुमचे साहेब येतील काय? बुधवार तक बता देना." तिने ते रात्री फोनवर प्रफुलला सांगितलं. पलीकडे मंडपातला गलका होता. मग तो म्हणाला, "या टायमाले डबा दुरुस्त नाई झाला, तं येतो मिलवर."

तेव्हापासून ती ते वाक्य मनात धरून होती. आज डबा घरी आलेला बघून तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी ती मिलवरून आली तेव्हा प्रफुलने डबा खोलून ठेवला होता. जमिनीवर पोतं अंथरून त्यावर आतली पत्र्याची चौकट उलटी मांडली होती, दोन्ही बाजूंना विटा लावून, व्हॉल्व्हच्या काचा खाली टेकू नयेत म्हणून. वायरींचं, रंगीत पट्ट्यांच्या रेझिस्टरांचं आणि छोट्या-मोठ्या कंडेन्सरांचं ते पोट ती पहिल्यांदाच बघत होती.

"दुपारपासून ढुंग ढुंग करून राहिला," सुलोचनाबाई खाटेवरून म्हणाल्या. "माझा डोका उठला."

"काही समजलं का?" नूतनने पदराने तोंड पुसत विचारलं.

प्रफुलने चष्मा कपाळावर सारला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "केबल बदलून पाहिली. मग गिटारच काढून टाकली, तरी खरखर. म्हणजे गिटार नाई, केबल नाई, डब्यातच हाये. आता हे पाह." त्याने आवाजाचं बटण पूर्ण खाली फिरवलं. स्पीकरमधली खरखर थांबली. पुन्हा वर केलं, पुन्हा खरखर. "बटण बंद केल्यावर जाते. म्हणजे जे काही हाये ते बटणाच्या आधी. इकडे, पहिल्या व्हॉल्व्हकडे."

"मग व्हॉल्व्हच खराब असन."

"मलेबी तसाच वाटला. पहिला काढून तिसऱ्याच्या जागी लावला, तिसरा पहिल्याच्या. खरखर तिथंच. पिनाबी घासून लावल्या. काही फरक नाई." त्याने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. "आता एक एक ठोकून पाहा लागन. एकट्याले होत नाई. कान देऊ का हात देऊ?"

नूतनला खरं तर अंग टाकायचं होतं. भात लावायचा होता, आईंना औषध द्यायचं होतं. तरी ती खाली बसली.

त्याने सुपाची निघालेली बांबूची कामटी तासून काडी केली होती. ती तिच्या हातात दिली. "हे सुरू असताना बोट लावाचं नाई. तीनशेच्या वर व्होल्ट हायेत इथं. बंद केल्यावरबी कंडेन्सरमधी करंट राहते. काडी कोरडी पाहिजे, हात कोरडा पाहिजे. आन दुसरा हात पाठीमागे."

"पाठीमागे काऊन?"

"एका हातातून दुसऱ्या हातात गेला तं छातीतून जाते."

तिने डावा हात कमरेवर मागे ठेवला. तो स्पीकरशी कान लावून बसला आणि मांडीवरच्या गिटारची एकच तार हळूहळू छेडत राहिला. ती काडीच्या टोकाने एकेका तुकड्याला टिचकी मारू लागली.

"हे?"

"नाई."

"हे?"

"नाई. बाजूचा."

डबा तापला. आवाज दोनदा आपणहून बसला आणि आपणहून वर आला, पण ती ठोकत असताना नाही. काडी लागली की सगळं शहाण्यासारखं वागे. दोघं इतके जवळ बसले होते की त्याच्या सदऱ्याला लागलेला धुळीचा आणि डिझेलचा वास तिला येत होता. दिवाळीपासून ते असे एकत्र बसलेच नव्हते. बोलणं फक्त "हे?" आणि "नाई" एवढंच होतं, तरी तिला ते बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचा रागही येत होता.

अर्धा भागही झाला नसेल, तेवढ्यात सुलोचनाबाईंना उठायचं झालं. नूतन काडी ठेवून गेली. त्यांना न्हाणीपर्यंत नेणं, आणणं, पाय सरळ करून झोपवणं यात बराच वेळ गेला. ती परतली तेव्हा प्रफुलने डबा बंद केला होता. काडी आडवी मांडीवर ठेवून तो बसून होता.

"काऊन बंद केला?"

"काही हाती लागून नाई राहिलं," तो म्हणाला. "उद्या गोंदियात जातो बाजारात. सॉकेट साफ कराचा स्प्रे भेटते का पाहतो. एखादा जुना व्हॉल्व्ह भेटला तं भेटला."

मंगळवारी सुलोचनाबाईंना व्यायाम शिकवणारी बाई येणार होती, म्हणून नूतनने मिलमधून सुट्टी घेतली होती. प्रफुल सकाळी बाजारात गेला. व्यायामवाली आली, आईंचे पाय उचलून-वाकवून गेली. आई दमून पडल्या. घर शांत झालं. नूतन झाडू घेऊन खोलीत आली आणि पोत्यावरच्या त्या उघड्या डब्यापाशी थांबली.

तो आता दुरुस्त होत नाही, हे तिला स्वतःच्या कानांनी नक्की करून घ्यायचं होतं. निदान तिने स्वतःला तसंच सांगितलं.

तिने झाडू ठेवला. हात कोरडे पुसले. प्रफुल करी तसं आधी एक बटण दाबलं, काचांत उजेड यायची वाट पाहिली आणि मग दुसरं दाबलं. आवाजाचं बटण वर केलं. गिटार लावलेली नव्हती, त्यामुळे स्पीकरमधून नुसता सूंऽऽ असा आवाज येऊ लागला. तापायला वेळ लागतो हे तिला माहीत होतं. ती समोरच बसून लाखोरीची पालेभाजी खुडू लागली. भाजी संपत आली तेव्हा तिने पुन्हा हात पुसले, काडी उचलली आणि डावा हात पाठीमागे नेला.

काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे ती ठोकत गेली. पहिल्या व्हॉल्व्हच्या शेजारी शेंगदाण्याएवढा एक निळा कंडेन्सर होता. त्याला काडी लागली आणि स्पीकर खरखरला. नुसता खरखरला नाही, तो सूंऽऽ आवाजही एकदम खाली गेला. तिने काडीने तोच कंडेन्सर जरा दुसऱ्या बाजूला दाबला. आवाज वर आला. परत इकडे. खाली. परत तिकडे. वर.

तिने डबा बंद केला. बोट न लावता मोबाइलचा टॉर्च जवळ धरून पाहिलं. कंडेन्सरचा पाय जिथे पाटीला सोल्डर केला होता, तिथे त्या चकचकीत थेंबाभोवती केसासारखी एक काळी गोल भेग होती. बाकी कुठल्याच थेंबाला तशी नव्हती. ट्रकात इतके हंगाम आदळून-आपटून तो थेंब सुटला असणार. थंड असताना टेकत असेल, तापला की सुटत असेल. बस, एवढंच.

"भेटला का?" आतल्या खाटेवरून सुलोचनाबाईंनी विचारलं.

"काय आई?"

"तो खरखर."

"नाई. असाच लावून पाहिला."

नूतनने काडी होती तशी ठेवली आणि लाखोरीचं टोपलं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

गॅसपाशी उभं राहून ती विचार करत राहिली. तिला काही करायचं नव्हतं. डबा तोडायचा नव्हता, वायर कापायची नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं. उद्या बुधवार. मनोहरलालजींना हो म्हणायचं. मग रोज संध्याकाळी घरात एक माणूस असेल. रात्री आईंनी हाक मारली तर एखादे वेळी तो उठेल. तीस-पस्तीस कोसांवरच्या मंडपात काय झालं असेल, ट्रक कुठे उलटला तर नसेल, या धास्तीने तिला जागावं लागणार नाही. यात वाईट काय होतं? तिने भाजीला फोडणी दिली, आणि मीठ घातलं की नाही हे तिला आठवेना.

प्रफुल दुपारी आला. स्प्रे मिळाला होता, व्हॉल्व्ह नव्हता. स्टेशनकडच्या ज्या दुकानात पूर्वी मिळत तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती, असं त्याने सांगितलं. जेवण्याआधीच तो पोत्याशी बसला, व्हॉल्व्ह काढून सॉकेटमध्ये स्प्रे मारला, वाळू दिला आणि डबा सुरू केला. नूतन दारात उभी राहून बघत होती. त्याने काडी उचललीच नाही. नुसता ऐकत बसला. तापल्यावर खरखर आली आणि आवाज बसला.

"झाला," तो म्हणाला आणि बटण बंद केलं. "मनोहरलालले सांगून दे. येतो म्हण."

"बरं," नूतन म्हणाली.

तो जेवला. भाजीत मीठ नव्हतं, पण त्याने मागितलं नाही. हात धुऊन तो चटईवर भिंतीकडे तोंड करून पडला. नूतन भांडी घासत होती. त्याची पाठ तिला तिथून दिसत होती. झोपलेल्या माणसाची पाठ कशी हलते हे तिला ठाऊक होतं. ही तशी हलत नव्हती.

हवं ते तिला मिळालं होतं. तिने ताट विसळलं, पालथं घातलं आणि परत उचलून पुन्हा विसळलं. उद्या हा माणूस मिलवर येईल. पुढची कित्येक वर्षं ते सोबत जेवतील, आणि डब्याने दगा दिला असं तो समजत राहील. कोणी विचारलं की सांगेल, काय करता, डबाच गेला. आणि ती बाजूला बसून ऐकेल. एक दिवस, दोन दिवस ऐकणं जमलं असतं. इतकी वर्षं जमणार नाही, असं तिला वाटलं.

ती ओले हात घेऊनच खोलीत आली.

"झोपले का?"

"नाई."

"पहिल्या व्हॉल्व्हच्या बाजूले तो निळा कंडेन्सर हाये ना," ती म्हणाली. "त्याच्या पायाचा सोल्डर सुटला हाये. मी सकाळी काडी लावून पाहिली. तिथंच खरखरते."

प्रफुल हलला नाही. ती वाट बघत राहिली. तो ताडकन उठेल, टॉर्च मागेल, किंवा सकाळचं आता सांगतेस का म्हणून ओरडेल, यातलं काही तरी होईल असं तिला वाटलं होतं.

"मले माहीत हाये," तो भिंतीलाच म्हणाला.

"कवापासून?"

"काल. तू आईले घेऊन गेली तवा."

नूतन खाली बसली. "मग आज बाजारात कायले गेले?"

"घरी बसून काय केलो असतो? तू विचारली असती."

"माहीत होता तं सांगतले काऊन नाई?"

तो उठून बसला. चेहऱ्यावर चटईचे वळ उमटले होते. "थकलो मी, नूतन," तो म्हणाला. "रोज रात्री तोच मंडप, तीच थंडी, तोच ट्रक. मागच्या साली एकदा वाजवता वाजवताच डोळा लागला होता माझा. बोटं चालून राहिले आन मी झोपलेलो. मास्तरच्या तोंडावर कसा सांगू, मले नाई जमत आता? त्यानं मले हात धरून शिकवला. डबाच बिघडला म्हटला, तं कोणाले काही सांगा नाई लागत."

"मले तं सांगता येत होता."

"तुले वाटते मले लई शौक हाये म्हणून. फोनवर तूच म्हणतेस, तुमचं काय, तुमी मजेत. मग तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

नूतनला एकदम संताप आला. "दुपारपासून मी चोरावानी बसली इथं! भाजीत मीठ नाई टाकला! वाटे, या माणसाचा सगळा हिरावून राहिली मी. आन तुमी पाठ करून नाटक करून राहिले!"

"मीठ नव्हता का?" प्रफुल म्हणाला. "मले वाटला, तू मुद्दाम कमी टाकली, बीपीसाठी."

तिला हसू आलं नाही, पण रागही पुढे सरकेना. आतून सुलोचनाबाईंचा खोकला ऐकू आला.

"दुरुस्त करा," शेवटी नूतन म्हणाली.

"आता कायले?"

"दुरुस्त करा आन मग मास्तरले फोन करा. सोडाचं असन तं चांगला डबा हातात घेऊन सोडा. बिघडलेला दाखवून नोका सोडू. उद्या कोणी येऊन दोन मिनिटांत नीट करून देईल, मग काय सांगाल?"

त्याला हे पटलं की तिच्याशी वाद घालायची ताकद उरली नव्हती, कोण जाणे. त्याने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. मोठ्या कंडेन्सरमधला उरलेला करंट एका रेझिस्टरच्या वायरने उतरवून घेतला आणि मीटर लावून खात्री केली. मग नूतनने टॉर्च धरला. त्याला चष्म्यातूनही जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून सुलोचनाबाईंचा पोथी वाचायचा जाड चष्मा आणून त्याने आपल्या चष्म्यावर लावला. जुना थेंब वितळवून काढला, पाय खरवडून साफ केला आणि नवा थेंब सोडला. धुराची एक बारीक रेघ वर गेली. सगळ्या खटाटोपाला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

डबा तापू दिला. मग नूतनने काडीने तो निळा कंडेन्सर ठोकला, दाबला, पुन्हा ठोकला. काही नाही. प्रफुलने गिटार लावली आणि उभ्यानेच दोन-चार सूर वाजवले. आवाज खोलीत भरला आणि भरलेलाच राहिला. बऱ्याच महिन्यांनी तो तसा लागला होता. प्रफुल थोडं आणखी वाजवेल असं नूतनला वाटलं, पण त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि फोन घेतला.

दुधराम मास्तरांनी लगेच उचलला. स्पीकर सुरू होता, त्यामुळे नूतनलाही ऐकू येत होतं.

"बोल रे."

"दुरुस्त झाला, मास्तर. कंडेन्सरचा सोल्डर सुटला होता."

"झाला ना? मग उद्या ये. गाडी नाक्यावर थांबवतो."

"येतो. पण मास्तर, प्रतापगडच्या शिवरात्रीच्या जत्रेपर्यंतच. मग मी नाई येत. इकडे मिलवर लागतो."

पलीकडे कोणी तरी मास्तरांना काही विचारलं, आणि "थांब बे जरा," असं ते त्याला म्हणाले.

"घरी काही झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाई. मीच थकलो."

"मी का ताजा हावो?" मास्तर म्हणाले. "गुडघ्याले विचारला तं मीबी उद्याच सोडतो. पण तुझ्या जागेवर माणूस पाहा लागन रे."

"पाहू. मी शिकवतो त्याले."

"शिवरात्रीपर्यंत ये मग." जरा थांबून ते म्हणाले, "बिना सांगता नाई गेला, हे बरं केला. लोकं फोन उचलणं बंद करतेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रफुल फोन हातात धरून बसून राहिला. नूतन उठली आणि त्याच्यासाठी भाजी गरम केली, या वेळी मीठ घालून. तो पुन्हा जेवला.

बुधवारी मनोहरलालजी तिच्यावर नाराज झाले. "शिवरात्र तक? गोदाम खाली कैसे रखूँगा, नूतनबाई?" त्यांनी ती जागा दोन दिवसांत दुसऱ्याला दिली. नूतनने महिनाभर रोज त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा कुठे काट्यावरची जागा निघाली. धानाच्या गाड्या भरलेल्या आणि रिकाम्या तोलायच्या. काम उन्हातलं होतं आणि मान गोदामापेक्षा कमी, पण दिवसाचं होतं.

जत्रा झाली. प्रफुल घरी येऊन दोन दिवस जवळजवळ सलग झोपला, आणि मग मिलवर रुजू झाला. ऑफिसच्या खिडकीतून नूतनला काटा दिसे. पहिल्या दिवशी तो ड्रायव्हरांना हात दाखवून गाडी काट्यावर घेत होता. थोडी पुढे, थोडी मागे, बस. डोक्याला पंचा गुंडाळला होता. जेवणाच्या सुट्टीत दोघं शेडच्या सावलीत एकाच डब्यातून जेवायला बसले. कोंड्याची धूळ भाकरीवर पडू नये म्हणून ती झाकण आडवं धरून होती.

"गिटार घरी दिसली," ती म्हणाली. "मोठा डबा कोठी हाये? ट्रकातच राहिला का?"

"मास्तरजवळ ठेवला. नव्या माणसाले."

तिचा घास हातातच राहिला. तिला प्रफुल घरी हवा होता. डबा नव्हे. पण डबा असा जाईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"देऊन टाकला? काऊन?"

"घरी असता तं रोज सुरू करावासा वाटला असता," प्रफुल म्हणाला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "त्याले सगळा समजावून दिला. तापला की कोठी काडी लावाची, हात कोठी ठेवाचा. शेवटच्या खेळाले त्यानंच वाजवला. मी मागे उभा राहून ऐकला."

"कसा वाजला?"

"डबा चांगला वाजला," तो म्हणाला. "माणूस अजून कच्चा हाये."

नूतनला आणखी काही विचारायचं होतं, पण फाटकाशी एक गाडी हॉर्न देत उभी राहिली होती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. प्रफुलने पाण्याचा घोट घेतला, पंचा डोक्याला गुंडाळला आणि उरलेली अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवून तो काट्याकडे चालू लागला.